डागाची उलटतपासणी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर विकृतिशास्त्र शिकवायचे. सूक्ष्मदर्शकात डोकावून कुणी विद्यार्थी ‘इथे अमुक दिसतंय’ म्हणाला की ते एकच विचारायचे, ‘कशावरून?’ आजचा माझा विषय तांत्रिक आहे, पण त्याचा गाभा या एका प्रश्नात आहे. पेशीत एखादं एन्झाइम नेमकं कुठे बसलं आहे, हे अँटीबॉडीने रंगवून शोधण्याची एक पद्धत आहे. रुग्णालयात गेलेल्या पुष्कळांनी तिचं आखूड नाव ऐकलं असेल. गाठीचा तुकडा तपासायला दिल्यावर डॉक्टर म्हणतात, ‘आयएचसी करावं लागेल, रिपोर्टला अजून चार दिवस.’ त्या चार दिवसांत काचेवर एक तपकिरी डाग उमटतो, किंवा उमटत नाही. त्या डागाकडे मी साक्षीदार म्हणून बघतो. साक्षीदार खरं बोलतो, खोटं बोलतो, आणि बऱ्याचदा प्रामाणिकपणे चुकीचं बोलतो. म्हणून त्याची उलटतपासणी घ्यावी लागते.

एन्झाइम म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिनं. त्यांचा अभ्यास सुरू झाला तेव्हा रीत सोपी होती. यकृत घ्या, वाटा, गाळा आणि त्या पाण्यात क्रिया किती वेगाने होते ते मोजा. यातून एन्झाइम किती आहे ते कळतं, कुठे आहे ते मात्र कायमचं हरवतं. मेंदूच्या बाबतीत तर हे फारच महागात पडतं. शंभरांतल्या एकदोन चेतापेशींतच असलेलं एन्झाइम सगळा मेंदू वाटल्यावर ‘थोडंसं सगळीकडे’ असल्यासारखं भासतं. थोडंसं सगळीकडे असणं आणि मोजक्या पेशींत भरपूर असणं यांचा अर्थ अगदी वेगळा आहे.

‘कुठे’ या प्रश्नाचं पहिलं चांगलं उत्तर १९३९ मध्ये मिळालं, तेही दोन ठिकाणी एकाच वेळी. अमेरिकेत जॉर्ज गोमोरी आणि जपानमध्ये ताकामात्सू यांनी एकमेकांची खबर नसताना एकच युक्ती काढली. अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम फॉस्फेट सुटं करतं. मग ऊतीचा पातळ काप अशा द्रावणात ठेवायचा की ज्यात त्याला तोडायला पदार्थही आहे आणि कॅल्शियमही आहे. एन्झाइमने फॉस्फेट सोडलं की ते तिथल्या तिथे कॅल्शियमबरोबर बसतं आणि पुढच्या रसायनांनी त्या जागेला काळा रंग येतो. इथे एन्झाइम काम करताना रंगेहाथ पकडलं जातं, आणि हेच या रीतीचं बळ. दुबळेपणाही तिथेच आहे. एन्झाइम जिवंत, म्हणजे कार्यक्षम, राहायला हवं. त्याच्या क्रियेतून न विरघळणारा रंग तयार करता यायला हवा. शिवाय दोन वेगवेगळी एन्झाइमं एकच काम करत असतील तर कुणाला पकडलं ते सांगता येत नाही. ही पहिली साक्ष आहे: कामाची साक्ष. ती लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी साक्ष ओळखीची. तिची कल्पना त्याच १९३९ साली सुचली, बर्लिनमध्ये. अल्बर्ट कून्स हा हार्वर्डचा तरुण डॉक्टर तिथे गेला होता. संधिवाताच्या तापात हृदयात ज्या बारीक गाठी होतात, त्यांत स्ट्रेप्टोकोकस जंतूंचा काही अंश असेल का, हा प्रश्न त्याच्या डोक्यात घोळत होता. अंश असेल तर तो दिसणार कसा? जंतूला बरोबर ओळखणारी एकच गोष्ट ठाऊक होती, ती म्हणजे त्याच्याविरुद्ध तयार झालेली अँटीबॉडी. तिलाच रंग जोडला तर? अँटीबॉडीला साधा रंग जोडून पाहण्याचे प्रयत्न त्याआधी झाले होते, पण तो रंग इतका फिका की सूक्ष्मदर्शकात दिसेना. कून्सने रंगाऐवजी चमक घ्यायचं ठरवलं, म्हणजे अतिनील किरणांखाली स्वतः प्रकाश देणारा रेणू.

हार्वर्डच्या रसायनशास्त्रज्ञांच्या मदतीने १९४१ मध्ये हे जमलं. न्यूमोकोकस जंतूविरुद्धची अँटीबॉडी चमकली. पण एक पंचाईत होती. त्यांनी वापरलेला अँथ्रासीनचा रेणू निळा चमकत होता, आणि प्राण्यांच्या ऊतीही अतिनील किरणांखाली स्वतःहून निळ्या चमकतात. म्हणून मग फ्लुओरेसीन, म्हणजे हिरवट चमक. या वेळेपर्यंत युद्ध आलं आणि कून्स सैन्यात गेला. हातातलं काम सुटलं की सहसा परत धरलं जात नाही. त्याने ते परत धरलं. १९५० मध्ये मेल्विन कॅप्लनबरोबर सुधारलेली पद्धत छापली, आणि तिथून तिचा खरा प्रसार झाला. गंमत अशी की ज्या हृदयातल्या गाठींसाठी हा सगळा खटाटोप मांडला, तो प्रश्न बाजूला राहिला आणि पद्धत मात्र जगभर गेली. विज्ञानात असं पुष्कळदा होतं आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

अँटीबॉडी मिळते कुठून, हे महाराष्ट्रात तरी फार समजावून सांगायला नको. हाफकिनमध्ये सर्पविषावरचं औषध घोड्यांच्या रक्तातून काढतात हे आपल्याला माहीत आहे. घोड्याला विष थोडं थोडं टोचायचं, त्याच्या शरीराने त्याविरुद्ध प्रथिनं बनवली की ती रक्तातून वेगळी करायची. एन्झाइमसाठीही तेच. एन्झाइम शुद्ध करायचं, सशाला टोचायचं आणि सशाच्या रक्तातून त्याला ओळखणारी अँटीबॉडी घ्यायची. मात्र ‘शुद्ध करायचं’ या दोन शब्दांत पूर्वी एखाद्याची पीएचडी जायची. टोचलेल्या नमुन्यात दुसऱ्या प्रथिनाची भेसळ राहिली, तर ससा त्याच्याविरुद्धही तितक्याच निष्ठेने अँटीबॉडी बनवतो. १९७५ मध्ये केंब्रिजमध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीची अँटीबॉडी अखंड बनवत राहणाऱ्या पेशी तयार केल्या आणि भेसळीचा प्रश्न बराच सुटला. १९८४ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. प्रश्न बराच सुटला, सगळा नाही. ते पुढे येईलच.

पद्धत हाती आल्यावर एन्झाइमांकडे वळणारे लोक लगेच निघाले. १९५४ मध्ये मार्शल यांनी गाईच्या स्वादुपिंडात अशा अँटीबॉडींनी पाचक एन्झाइमं शोधली. त्यांत कायमोट्रिप्सिनोजेन होतं, म्हणजे कायमोट्रिप्सिनचं झोपलेलं रूप. स्वादुपिंड स्वतःलाच पचवून टाकू नये म्हणून तिथे ते निष्क्रिय ठेवलेलं असतं आणि आतड्यात पोचल्यावर जागं होतं. गोमोरीच्या रीतीने ते स्वादुपिंडात सापडलं नसतं, कारण ते काम करतच नव्हतं. अँटीबॉडीला मात्र काम करतं की नाही याच्याशी देणंघेणं नसतं. ती चेहरा ओळखते. दोन्ही साक्षींमधला फरक इतका स्वच्छ दाखवणारं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

आता आपल्या प्रयोगशाळांतल्या तपकिरी रंगाकडे येऊ. चमकत्या रंगाला अंधारी खोली लागते, वेगळा सूक्ष्मदर्शक लागतो, आणि तो रंग हळूहळू विझतो. १९६६ मध्ये नाकाने आणि पियर्स यांनी अँटीबॉडीला चमक जोडण्याऐवजी चक्क एक एन्झाइम जोडलं. ते मिळतं हॉर्सरॅडिश नावाच्या मोहरीच्या कुळातल्या झुडपाच्या मुळापासून, आणि त्याचं नाव पेरॉक्सिडेज. त्याला हायड्रोजन पेरॉक्साइड आणि डीएबी हे रसायन दिलं की त्या जागी न विरघळणारा तपकिरी पदार्थ साचतो. स्लाइड वर्षानुवर्षं टिकते आणि साध्या सूक्ष्मदर्शकात दिसते. म्हणजे एक एन्झाइम शोधायला दुसरं एन्झाइम कामाला लावलं. गोमोरीने ज्याला पकडायला सुरुवात केली ते अल्कलाइन फॉस्फेटेजही पुढे असंच अँटीबॉडीला जोडण्यासाठी वापरात आलं. आरोपीच पुढे पोलिसात भरती झाला म्हणा ना!

पण यात उलटतपासणीचा पहिला प्रश्न लगेच उभा राहतो. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी आणि काही पांढऱ्या पेशीही पेरॉक्सिडेजसारखं काम स्वतःहून करतात. म्हणजे अँटीबॉडी नसतानाही तिथे तपकिरी रंग येणार. म्हणून काप आधी हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून ती घरची क्रिया मारून टाकतात, आणि प्रत्येक वेळी एक काप पहिल्या अँटीबॉडीशिवाय रंगवतात. त्या कापावर काहीच दिसता कामा नये. बाहेरच्या माणसाला हा रिकामा काप म्हणजे वाया गेलेलं सामान वाटतं. मला तो दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा काप वाटतो.

सगळ्यात मोठी अडचण मात्र फॉर्मॅलिनची. शरीरातून काढलेला तुकडा सडू नये म्हणून तो फॉर्मॅलिनमध्ये टाकतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सगळ्या जगाची विकृतिशास्त्राची कपाटं फॉर्मॅलिनमधून गेलेल्या आणि मेणात बसवलेल्या ब्लॉकनी भरली आहेत. फॉर्मॅलिन प्रथिनांमध्ये आडवे सांधे घालतं. आकार टिकतो, पण ज्या कोपऱ्याला अँटीबॉडी ओळखते तो कोपरा झाकला जातो. कितीतरी वर्षं लोक समजत होते की या ब्लॉकमध्ये अमुक प्रथिन रंगत नाही म्हणजे ते नष्ट झालं. १९९१ मध्ये शान-रोंग शी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मेणातले काप धातूंच्या क्षारांच्या द्रावणात मायक्रोवेव्हमध्ये उकळले तर झाकलेले चेहरे पुन्हा उघडे पडतात. त्यामागे १९४० च्या दशकातलं फॉर्मॅल्डिहाइडचं जुनं रसायनशास्त्र होतं. त्या सांध्यांपैकी काही उष्णतेने सुटतात हे तेव्हाच कळलं होतं, फक्त विकृतिशास्त्रज्ञांनी ते वाचलं नव्हतं. आज आपल्याकडच्या अनेक प्रयोगशाळांत यासाठी साधा प्रेशर कुकर असतो. त्यात सायट्रेटचं द्रावण, त्यात स्लाइडचा स्टँड, आणि तंत्रज्ञ शिट्ट्या मोजत उभा. हे मी कौतुकाने सांगतो. या कुकरमुळे जुन्या ब्लॉकांची कपाटं पुन्हा बोलू लागली.

तरी कुकर सगळं दुरुस्त करू शकत नाही. फॉर्मॅलिन ऊतीत फार हळू शिरतं, तासाला जेमतेम एक मिलिमीटर. स्तनाचा मोठा तुकडा न चिरता, लहानशा बरणीत, बुडेल न बुडेल इतक्या फॉर्मॅलिनमध्ये शनिवारी ठेवला आणि सोमवारी पाठवला, तर वरचा थर पक्का झालेला असतो आणि आतला भाग सडायला लागलेला असतो. मग कडेच्या पेशी रंगतात आणि मधल्या रंगत नाहीत. असे तुकडे आमच्याकडे येतात. त्यांच्यावर उमटलेला डाग किंवा न उमटलेला डाग रोगाबद्दल बोलत नाही, बरणीबद्दल बोलतो.

आता मुख्य हकिकत. मला ती फार आवडते, म्हणून थोडा वेळ घेतो.

नायट्रिक ऑक्साइड हा वायू. रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये दाखवलं की रक्तवाहिन्यांचं अस्तर असा काहीतरी पदार्थ सोडतं की ज्याने वाहिनी सैल होते. १९८७ मध्ये कळलं की तो पदार्थ म्हणजे हा वायू, आणि पुढच्याच वर्षी मेंदूच्या पेशीही तसाच काही पदार्थ सोडतात असं दिसलं. शरीर निरोप द्यायला वायू वापरतं, ही गोष्ट तेव्हा पचायला जड गेली. शिवाय वायू दिसणार कसा? तो काही सेकंदांत संपतो, पेशीच्या भिंतीतून आरपार जातो, फॉर्मॅलिनमध्ये टिकत नाही. ज्याला धरून ठेवता येत नाही त्याला रंगवणार काय! मार्ग एकच होता: वायू सोडून वायू बनवणाऱ्या एन्झाइमला शोधायचं.

बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये सॉलोमन स्नायडर यांच्या प्रयोगशाळेत डेव्हिड ब्रेड्ट नावाचा विद्यार्थी होता. १९९० मध्ये या दोघांनी उंदराच्या मेंदूतून ते एन्झाइम, नायट्रिक ऑक्साइड सिंथेज, शुद्ध केलं. ते हाती लागत नव्हतं कारण शुद्ध करताना त्याची ताकद जायची. त्याला कॅल्मोड्युलिन हे दुसरं प्रथिन सोबत लागतं हे ओळखल्यावर ते सापडलं. शुद्ध एन्झाइमविरुद्ध अँटीबॉडी बनवून त्याच वर्षी त्यांनी मेंदूचे काप रंगवले. सगळा मेंदू रंगला नाही. लहान मेंदूत बास्केट पेशी आणि कणीपेशी रंगल्या, त्यांच्या शेजारच्या मोठ्या पर्किंजे पेशी कोऱ्या राहिल्या. मोठ्या मेंदूच्या सालीत फार थोड्या, विखुरलेल्या पेशी रंगल्या, पण ज्या रंगल्या त्या गडद. आतड्याच्या भिंतीतल्या चेतापेशींचं जाळंही रंगलं. शेजारच्या पर्किंजे पेशी कोऱ्या असणं मला रंगलेल्या पेशींइतकंच महत्त्वाचं वाटतं. अँटीबॉडी सरसकट चिकटत असती तर त्याही रंगल्या असत्या.

इथपर्यंत एकच साक्षीदार बोलला होता. दुसरा मात्र तीस वर्षांपूर्वीच येऊन साक्ष देऊन गेला होता, फक्त त्याचं बोलणं कुणाला कळलं नव्हतं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये थॉमस आणि पियर्स (हे दुसरे पियर्स) यांना एक विचित्र गोष्ट दिसली. मेंदूच्या कापाला एनएडीपीएच आणि टेट्राझोलियम हे रसायन दिलं की काही विरळ, एकट्या पडलेल्या पेशी त्याचं गडद निळ्या पदार्थात रूपांतर करतात, अगदी शेवटच्या धाग्यापर्यंत. हे कामाचं रंगवणं होतं, गोमोरीच्या जातीचं. एन्झाइमला नाव दिलं ‘डायफोरेज’. ते करतं काय, कुणालाच माहीत नव्हतं. पुढे १९८५ मध्ये दिसलं की हंटिंग्टनच्या आजारात मेंदूचा एक भाग झिजून जातो, पण याच निळ्या पेशी टिकून राहतात. गूढ वाढलंच.

१९९१ मध्ये दोन गटांनी, स्नायडर यांच्या आणि व्हँकुव्हरच्या स्टीव्हन व्हिन्सेंट यांच्या, स्वतंत्रपणे दाखवलं की चेतापेशींतलं हे डायफोरेज म्हणजेच नायट्रिक ऑक्साइड सिंथेज. निळ्या पेशी आणि अँटीबॉडीने रंगलेल्या पेशी त्याच. एका साक्षीने काम पाहिलं होतं, दुसरीने चेहरा. दोघी एकमेकींना ओळखत नव्हत्या, त्यांच्या चुकाही वेगवेगळ्या जातीच्या असणार होत्या, आणि तरी दोघींनी एकाच पेशीकडे बोट दाखवलं. मी विद्यार्थ्यांना सांगतो की यापेक्षा भक्कम पुरावा स्लाइडवर मिळत नाही.

यात फॉर्मॅलिनच्या जातभाईने एक मजेदार भूमिका बजावली. पेशीत एनएडीपीएच वापरून टेट्राझोलियम निळं करणारी इतरही एन्झाइमं असतात. ताज्या कापात त्यांचाही निळा रंग येतो आणि मग दोन्ही साक्षी जुळत नाहीत. पॅराफॉर्मॅल्डिहाइडने काप पक्का केला की बाकीची बहुतेक मरतात आणि सिंथेजची ही क्रिया तगून राहते. जे रसायन एरवी अँटीबॉडीसमोर चेहरे झाकतं, त्यानेच इथे गर्दी हटवली.

याचं पुढे दवाखान्यात काय झालं तेही सांगतो. काही तान्ह्या बाळांना जन्मानंतर दोनतीन आठवड्यांत जोरात लांब उडणारी उलटी सुरू होते. जठराच्या खालच्या तोंडाशी असलेला स्नायू जाड होऊन वाट अडवतो आणि शस्त्रक्रिया करावी लागते. १९९२ मध्ये ब्रसेल्सच्या संशोधकांनी शस्त्रक्रियेत निघालेले स्नायूचे तुकडे या निळ्या रीतीने रंगवले. शेजारच्या जाळ्यात रंग होता, पण गोलाकार स्नायूत शिरणाऱ्या धाग्यांत तो नव्हता. स्नायूला ‘सैल हो’ सांगणारा वायू तिथे बनतच नव्हता, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. एका वर्षाने ज्या उंदरांत हे एन्झाइम बनवणारं जनुक मोडलं होतं त्यांची जठरं फुगलेली आणि तोंडाशी स्नायू जाड झालेला सापडला.

ही झाली चांगली बाजू. आता एकाच साक्षीवर निकाल दिला तर काय होतं ते पाहू.

टेलोमरेज हे एन्झाइम गुणसूत्रांची टोकं लांब ठेवतं. बर्कलेत एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांची विद्यार्थिनी कॅरोल ग्रायडर हिला त्याची खूण १९८४ च्या नाताळच्या दिवशी दिसली. २००९ चं नोबेल या दोघी आणि जॅक झोस्टाक यांना मिळालं. आपल्या बहुतेक पेशींत ते बंद असतं, कर्करोगाच्या पेशींत मात्र बहुधा चालू. १९९४ मध्ये ते मोजायची फार संवेदनशील रीत निघाली. पण ती वाटलेल्या ऊतीवर चालते, म्हणजे पुन्हा तोच जुना प्रश्न: कुठे? गाठीच्या पेशींत, की गाठीत घुसलेल्या पांढऱ्या पेशींत? त्यांतल्या जाग्या झालेल्या पेशींतही हे एन्झाइम असतं. उत्तर हवं तर अँटीबॉडीच हवी.

अशी एक अँटीबॉडी बाजारात आली आणि तिच्यावर पुष्कळ निबंध छापून आले. ती केंद्रकात, विशेषतः केंद्रकीत, छान रंगायची. कर्करोगात जास्त, निरोगी ऊतीत कमी. सगळं अपेक्षेप्रमाणे. २००६ मध्ये एका गटाने ती अँटीबॉडी नेमकं काय पकडते ते तपासलं, तर ते न्यूक्लिओलिन निघालं. हे केंद्रकीतलं अगदी वेगळं प्रथिन आहे, पेशीत विपुल असतं आणि भराभर वाढणाऱ्या पेशींत आणखी वाढतं. म्हणून तर ते कर्करोगात जास्त दिसत होतं! टेलोमरेज मुळात इतकं दुर्मीळ की साध्या रंगवण्यात ते ठसठशीत दिसलं हीच शंकेची पहिली जागा असायला हवी होती. पण डाग अपेक्षित जागी होता, अपेक्षित रोगात होता, आणि टेलोमरेजचा केंद्रकीशी संबंध असल्याचेही स्वतंत्र पुरावे होते. साक्षीदाराने ऐकणाऱ्यांना हवं तेच सांगितलं की त्याची उलटतपासणी सैल पडते, कोर्टातही आणि सूक्ष्मदर्शकाखालीही.

इथे एका नेहमीच्या चाचणीबद्दल बोलायला हवं. बऱ्याच निबंधांत लिहिलेलं असतं की अँटीबॉडी आधी शुद्ध प्रथिनात मिसळली की डाग नाहीसा झाला, म्हणून ती खरी. यातून इतकंच कळतं की अँटीबॉडी त्या प्रथिनाला चिकटते. कापात ती ज्याला चिकटली ते तेच प्रथिन होतं, हे यातून कळत नाही. न्यूक्लिओलिनसारखा दुसराही कुणी तिच्या त्याच हाताला लागत असेल तर ही चाचणी निमूटपणे पास होते. मेंदूच्या रचनेवरच्या ‘जर्नल ऑफ कंपॅरेटिव्ह न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकाने २००३ पासून यावर आवाज उठवला आणि लेखकांकडून अँटीबॉडीचे तपशील सक्तीने मागायला सुरुवात केली. अनेकांनी कुरकुर केली. मला ती सक्ती योग्यच वाटते.

मुंबई-पुण्यापासून जिल्ह्याच्या ठिकाणांपर्यंत या पद्धतीचा सगळ्यात जास्त उपयोग आज स्तनाच्या कर्करोगात होतो. त्यातलं हर-२ हे प्रथिन मुळात एन्झाइमच आहे. त्याचा एक भाग पेशीच्या बाहेर, एक भाग आत, आणि आतला भाग टायरोसिन कायनेज नावाचं काम करतो. साधारण १५ ते २० टक्के गाठींत ते अति प्रमाणात असतं. १९८७ मध्ये डेनिस स्लेमन यांनी त्याचा आजाराच्या तीव्रतेशी संबंध दाखवला आणि १९९८ मध्ये त्याच्यावरचं ट्रास्टुझुमॅब हे औषध अमेरिकेत मान्य झालं. औषधही अँटीबॉडीच. ते बाहेरच्या भागाला धरतं, म्हणून आम्हाला डाग पेशीच्या कडेलाच हवा असतो. पेशीच्या आत कितीही तपकिरी दिसलं तरी मोजत नाहीत. दहा टक्क्यांहून जास्त पेशींना सगळीकडून गडद कडा असेल तर ३+. कडा सगळीकडून पण फिकी किंवा मध्यम असेल तर २+, आणि तिथे मात्र निकाल द्यायचा नाही, दुसरा साक्षीदार बोलवायचा. फिश नावाच्या चाचणीत जनुकाच्या प्रती थेट मोजतात. त्या वाढलेल्या असतील तर ट्रास्टुझुमॅब, नसतील तर नाही. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये कमीत कमी ६ तास आणि जास्तीत जास्त ७२ तास असावा, हा नियमही याच चाचणीमुळे काटेकोर झाला. इतकी शिस्त संशोधनाच्या प्रयोगशाळांत असती तर टेलोमरेजची गोष्ट घडली नसती, असं मला वाटतं. इथे चुकीची किंमत एका बाईच्या उपचारात आणि तिच्या घरच्यांच्या खिशात मोजली जाते, त्यामुळे शिस्त आली.

२०२२ पासून त्यात नवा पेच आला. हर-२ थोडंसंच असलेल्या गाठींवरही चालणारं औषध आलं, आणि ज्याला आम्ही वर्षानुवर्षं ‘निगेटिव्ह’ म्हणून हातावेगळं करत होतो त्यात ० आणि १+ असा भेद करणं एकदम महत्त्वाचं झालं. ती सीमा डोळ्यांनी ठरवायची असते, आणि दोन अनुभवी विकृतिशास्त्रज्ञांचं तिथे नेहमी जमतंच असं नाही.

शेवटी पुन्हा नायट्रिक ऑक्साइडच्या त्या उंदरांकडे येतो, कारण तिथे उलटतपासणीचा सगळ्यात कठोर प्रकार आहे. एखादी अँटीबॉडी खरी आहे का, हे तपासायचा उत्तम मार्ग म्हणजे ते प्रथिनच नसलेल्या प्राण्याचा काप रंगवणं. डाग आला तर साक्ष खोटी. १९९३ च्या या उंदरांत सिंथेजच्या जनुकाचा सुरुवातीचा तुकडा काढून टाकला होता. एन्झाइम गेलं असं सगळ्यांना वाटलं. पण मेंदू वाटून मोजलं तर थोडंसं काम अजून चालू होतं, आणि काही अँटीबॉडींनी काही पेशी अजून रंगत होत्या.

अँटीबॉडी खोट्या ठरल्या का? नाही. पेशी जनुकाचा तो पहिला तुकडा वगळूनही एक आखूड एन्झाइम बनवत होती. एन्झाइमच्या सुरुवातीच्या टोकाला ओळखणारी अँटीबॉडी अशा पेशीत गप्प राहायची आणि शेवटच्या टोकाला ओळखणारी रंगायची. १९९७ मध्ये स्नायडर यांच्या प्रयोगशाळेने या आखूड रूपांच्या जागा मेंदूत शोधून दाखवल्या. आणि जो तुकडा कमी झाला होता तोच या एन्झाइमला पेशीच्या कडेशी, संदेश घेणाऱ्या जागेजवळ, बांधून ठेवतो. तो नसला की एन्झाइम कडेशी न राहता पेशीच्या आतल्या द्रवात मोकळं असतं. म्हणजे दोन अँटीबॉडींचं एकमत झालं नाही तेव्हा त्यांतली कुठलीच चुकलेली नव्हती; एकाच एन्झाइमची दोन रूपं होती आणि दोन वेगळे पत्ते होते.